बोअर करायची, विकायची की नवी घ्यायची? एका चेतकची गोष्ट

एपिसोडला यावेळी उशीर झाला, कारण दिवाळीत मी कराडला घरी होतो आणि घरात एका स्कूटरवरून भांडण चालू होतं. म्हटलं, त्याच्यावरच बोलू. इतिहासही आहे त्यात, काळजी करू नका.

झालं असं की भाऊबीजेला बाबा आमची १९८४ची बजाज चेतक घेऊन आत्याकडे निघाले. हायवेवर इंजिनाचा आवाज एकदम कोरडा झाला आणि मागचं चाक आवळलं. पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला की असंच होतं. इंजिन थांबतं आणि गिअर पडलेला असल्यामुळे ते चाकालाही थांबवतं. बाबांनी चाळीस वर्षांच्या सवयीने क्लच दाबला, चाक सुटलं आणि गाडी कडेला लागली. मागून ट्रक येत होता, हे त्यांनी आईला सांगितलं नाही. मला सांगितलं.

बाबा ६३ वर्षांचे आहेत. मिस्त्रींनी इंजिन खोलून साडेनऊ हजारांचा अंदाज दिला. भंगारवाला चार हजार देत होता. पुण्यातला एक हौशी मुलगा जुन्या स्कूटर जमवतो, तो फोटो बघून अठरा हजार म्हणाला. आई म्हणाली, आजच विका. मी म्हणालो, विका आणि इलेक्ट्रिक घ्या. बाबा म्हणाले, "अरे, चेतक कोण विकतं का?"

हे वाक्य मला आधी निव्वळ भावनिक वाटलं. नंतर जरा वाचलं, तेव्हा कळलं की १९८४ साली हे अगदी हिशेबी वाक्य होतं.

थोडं मागे जाऊ. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या पियाजिओ कंपनीचा विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. विमानं बनवायची सोय राहिली नाही, म्हणून त्यांनी सामान्य माणसासाठी स्वस्त वाहन करायचं ठरवलं. काम दिलं कोराडिनो दास्कानियो नावाच्या विमान-इंजिनिअरला, ज्याला मोटरसायकल अजिबात आवडायची नाही. चेनच्या तेलाने कपडे खराब होतात, पंक्चर काढताना हाल होतात, ही त्याची तक्रार. मग त्याने चेनच काढून टाकली आणि इंजिन थेट मागच्या चाकाला जोडलं. इंजिन झाकलं, पाय ठेवायला सपाट जागा दिली. ही १९४६ची व्हेस्पा. धोतर किंवा नऊवारी नेसलेल्या माणसाला बसता येईल असं हे वाहन भारतात चालणार, हे उघडच होतं.

बजाजला दुचाकी-तीनचाकी बनवायचा परवाना १९५९ साली मिळाला आणि पियाजिओच्या तंत्रज्ञानावर पुण्याजवळ आकुर्डीत काम सुरू झालं. १९७१ मध्ये तो करार संपला, १९७२ मध्ये चेतक आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, हाडं मात्र व्हेस्पाची.

आता आमच्या भांडणाचं मूळ. परवाना म्हणजे नुसती बनवायची परवानगी नव्हती, किती बनवायच्या तेही त्यात ठरलेलं असायचं. कारखाना वाढवायचा तर पुन्हा दिल्लीला अर्ज. १९६० साली सरकारने स्कूटरच्या विक्रीवर आणि वाटपावरही आदेश काढून नियंत्रण आणलं होतं. लोकांना स्कूटर हवी, कंपनीला बनवायची इच्छा, आणि मधे कागद. रांग इतकी लांबली की चेतकसाठी दहा-दहा वर्षं थांबल्याच्या गोष्टी घराघरात आहेत. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलन भरलं तर रांग टाळता यायची. आमच्याकडे परदेशात कोणी नव्हतं. आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी १९७६ साली नंबर लावला. बाबा तेव्हा आठवीत होते. गाडी आली तेव्हा बाबांचं ग्रॅज्युएशन झालं होतं.

गंमत बघा. कराडपासून पन्नासएक किलोमीटरवर साताऱ्यात त्याच काळात महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना होता. बजाज आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून काढलेला. तिथे 'प्रिया' स्कूटर बनायची. म्हणजे स्कूटरचा कारखाना शेजारच्या गावात आणि स्कूटर आठ वर्षं लांब.

गाडी घरी आली त्याच आठवड्यात एका व्यापाऱ्याने आजोबांना छापील किमतीपेक्षा तीन हजार जास्त देऊ केले होते, असं बाबा सांगतात. रांग चुकवायची किंमत होती ती. आजचं आपलं गणित काय? गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडली की किंमत उतरली. तेव्हा उलटं होतं. नवीपेक्षा वापरलेली महाग पडू शकायची, कारण वापरलेली आज मिळत होती. लग्नाच्या बैठकीत हुंड्यात स्कूटर मागायचे, ती काय फक्त मिरवायला? ज्याच्या दारात चेतक, त्याच्याकडे आठ-दहा वर्षांचा वेळ जमा होता.

अशा बाजारात इंजिन बिघडलं तर पर्याय किती? नवी मिळत नाही. विकली तर पैसे येतील, पण त्या पैशात नवी गाडी मिळणार नाही, फक्त नवा नंबर मिळेल. उरली दुरुस्ती. म्हणून दुरुस्तीच्या खर्चाला वरची मर्यादाच नव्हती. इंजिन काम कितीही निघो, करायचं.

आणि ते करताही यायचं. चेतकचं इंजिन साधारण १४५ सीसीचं, टू-स्ट्रोक, लोखंडी सिलिंडरचं. सिलिंडर झिजला की गोल भोक हळूहळू लंबगोल होतं, कॉम्प्रेशन जातं, किक मारून पाय दुखतो. मग ब्लॉक लेथवाल्याकडे द्यायचा, तो आतून किंचित मोठा करून पुन्हा नीट गोल करतो आणि त्या मापाचा मोठा पिस्टन बसवतात. याला आपण बोअर करणं म्हणतो. पाव मिलिमीटर, मग अर्धा, पाऊण, एक. म्हणजे एका ब्लॉकला चार जन्म. नंतर भिंत पातळ होते आणि ब्लॉक बदलावा लागतो. आज बऱ्याच गाड्यांत मिस्त्री बोअरच्या भानगडीत पडत नाहीत, ब्लॉक-पिस्टनचा किट काढून दुसरा लावतात.

इथे मला खरी गोष्ट सापडली. स्पर्धा नव्हती म्हणून चेतक वर्षानुवर्षं जवळपास तशीच राहिली. बदलायची गरजच काय, रांग लागलेली आहे! पण ती बदलली नाही म्हणूनच प्रत्येक गावात तिचा पार्ट मिळायचा आणि प्रत्येक मिस्त्रीचे हात तिच्यावर बसले. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आमच्याकडे वीस वर्षांच्या जुन्या कोडला सगळे शिव्या देतात. तरी तो टिकतो, कारण तो माहीत असलेले लोक आजूबाजूला असतात. ती माणसं गेली की मग कोड खरा म्हातारा होतो. ज्या धोरणाने आजोबांना आठ वर्षं थांबवलं, त्याच धोरणाने त्यांची गाडी चाळीस वर्षं दुरुस्त होत राहील अशी सोय केली. मला परवानाराज अजिबात नको आहे. पण हे श्रेय त्याला द्यावंच लागतं.

मग पर्याय आले. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा, बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १००, फोर-स्ट्रोक, पेट्रोल कमी पिणारी. रांगा आटल्या. प्रदूषणाचे नियम १९९१, १९९६, २००० असे टप्प्याटप्प्याने कडक होत गेले आणि पेट्रोलबरोबर तेल जाळणाऱ्या टू-स्ट्रोकला जड गेले. २००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा आली. पुढे चार-पाच वर्षांत चेतक बंद झाली, आणि २००९ मध्ये राजीव बजाज यांनी स्कूटर बनवणंच थांबवायचं ठरवलं. राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं.

आता मिस्त्रींच्या टेबलावरच्या आमच्या इंजिनाकडे. पिस्टन जाम का झाला? टू-स्ट्रोकमध्ये वंगणासाठी वेगळी सोय नसते, पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळायचं, लिटरला साधारण वीस मिली. पूर्वी पंपावर ऑइल मिसळून पेट्रोल मिळायचं. त्या दिवशी बाबांनी हायवेच्या नव्या पंपावर टाकी भरली. तिथल्या पोराला टू-टी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, आणि घरून नेलेली बाटली बाबा डिकीतून काढायची विसरले. इंजिन म्हातारं होतं म्हणून अडकलं नाही. त्याच्या आजूबाजूचं जग गेलं, म्हणून अडकलं.

हे कळल्यावर माझे प्रश्न बदलले. मिस्त्रींना विचारलं, ब्लॉकमध्ये बोअर शिल्लक आहे का? नाही म्हणाले, शेवटचा आधीच झालाय. नवा ब्लॉक मिळेल? मिळेल, पण ओरिजिनल नाही, दुसऱ्या कंपनीचा. क्रँक? क्रँक ठीक आहे, सील बदलू. किती वर्षं चालेल? मिस्त्री हसले. "गाडी चालेल हो. माझ्यानंतर हिला हात कोण लावणार, ते बघा." त्यांचा मुलगा पुण्यात कुरिअरचं काम करतो.

बाबांना मात्र मी वेगळंच विचारलं, वर्षात गाडी किती चालते? हिशेब केला तर आठशे किलोमीटरही नाही, त्यातलं निम्मं भाजी आणि बँक. मग खर्च दोन वेगळ्या गोष्टींचा आहे हे दिसलं. रोज आई-बाबांना सुरक्षित नेणारी गाडी हवी आहे, ती ही नाही. आणि अठरा हजारांना ही देऊन टाकली तर उद्या तेवढ्या पैशात परत मिळणार नाही, हेही खरं. नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर गेल्याच वर्षी भरून झालाय, त्यामुळे कागद साफ आहेत.

साडेनऊ हजार मी दिले. अट एकच, हायवेवर न्यायची नाही. आणि ऑइलची बाटली किल्लीलाच बांधायची. ही आईची अट.

रोजच्यासाठी इलेक्ट्रिक बघायला गेलो. २०२० पासून चेतक याच नावाने विजेवर विकली जाते, म्हणून बाबा निदान यायला तयार झाले. शोरूममध्ये त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, किक कुठे दिसेना म्हणून खाली वाकून बघितलं. मग सेल्समनला विचारलं, "पैसे आज भरले तर नंबर कधी लागेल?"

तो म्हणाला, "नंबर प्लेट आठ दिवसांत येते काका. गाडी परवा घेऊन जा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग परत त्याच्याकडे. "परवा?"