दुर्गचा जीवशास्त्राचा वर्ग

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये रविवारी सायंकाळी आम्ही चार मराठी माणसे हटकून भेटतो. बदलीचे हुकूम, महागाईभत्ता आणि मुलांचे निकाल यांपलीकडे आमचे बोलणे सहसा जात नाही. परवा एका स्नेह्यांनी विचारले, “पुतणीला साध्या जीवशास्त्रालाच घातलंत का हो? वैद्यकीला नंबर लागला नाही वाटतं?” त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण तो ‘साध्या’ शब्द मनातून जाईना. पुतणी भंडाऱ्याहून शिकण्यासाठी आमच्याकडे राहिली आहे, आणि रोज सकाळी दुर्गच्या महाविद्यालयात जाते. या वर्गाचा पूर्वेतिहास पाहू गेलो, तेव्हा तो मुळीच साधा दिसला नाही.

मध्यप्रांतात विद्यापीठ नव्हते, त्या काळी इकडील विद्यार्थ्यांची परीक्षा दूरदेशीची माणसे घेत. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज १८८३ साली निघाले ते कलकत्ता विद्यापीठाच्या छत्राखाली. १९०४ पासून ते अलाहाबादकडे गेले. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा कोठे प्रांताला स्वतःची पदवी मिळाली. तरीही छत्तीसगढच्या मुलाला गाव सोडावेच लागे. रायपुरात छत्तीसगढ कॉलेज निघायला १९३८ साल उजाडले. दुर्गहून नागपूर अडीचशे किलोमीटरांवर. म्हणजे विज्ञान शिकायचे तर घरची ऐपत आधी, बुद्धी मागाहून!

१९४६ साली सर हरिसिंग गौर यांनी स्वतःच्या कमाईतून सागर विद्यापीठ उभे केले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, छत्तीसगढ नव्या मध्यप्रदेशात राहिले. आपल्यापैकी अनेकांच्या घरांतून ती रेघ गेली आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, दुर्गचे शासकीय महाविद्यालय सुरू झाले. भिलाईची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पेटली ती ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. भट्टीचे नाव देशभर झाले. शेजारच्या महाविद्यालयाची वार्ता कोणी घेतली नाही. ते आज विश्वनाथ यादव तामस्कर यांच्या नावाने ओळखले जाते. दुर्गकरांनी १९६७ साली लोकसभेवर पाठविलेले हे तामस्कर आडनावाने आपलेच, हे आमच्या चौकडीत कोणालाच ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

या महाविद्यालयाची आरंभीची पदवी सागरची. १९६४ मध्ये रायपूरचे रविशंकर विद्यापीठ निघाले, तेव्हा ती रायपूरची झाली. २०१५ साली खुद्द दुर्गला विद्यापीठ आले, आणि २०१८ मध्ये त्याला हेमचंद यादव यांचे नाव दिले गेले. सहा दशकांत तीन विद्यापीठे झाली, मध्येच राज्यही बदलले, पण महाविद्यालय आपल्या गावीच राहिले. मेणाच्या तबकात टाचण्यांनी चीत केलेला बेडूक मात्र प्रयोगशाळांतून गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये विच्छेदनाला मनाई केली. माझ्या पिढीतील जुने पदवीधर यावर हळहळतात. मला त्यात बेडकाची बाजू अधिक पटते.

पण ‘साध्या’ जीवशास्त्राचा खरा जबाब येथून तासाभराच्या वाटेवर, रायपुरात आहे. कटकच्या केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० नंतरच्या दशकात या भागातील भाताचे सुमारे १९ हजार नमुने गोळा करविले. लोंबी कशी, दाणा केवढा, वास येतो की नाही, पीक किती दिवसांत येते, शेतकरी त्याला काय म्हणतो, हे सारे टिपायचे. यात शस्त्रक्रिया नाही, औषध नाही. पाहणे, ताडणे आणि नाव लिहिणे एवढेच आहे. हा संग्रह पुढे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे आला. २००२ साली या विद्यापीठाने सिंजेंटा या परदेशी कंपनीशी सहकार्य करू घातले, तेव्हा शेतकरी व कार्यकर्ते खवळून उठले आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. ज्यासाठी भांडायचे ते काय आहे, हे आधी कोणीतरी वहीत टिपून ठेवले होते, म्हणून भांडता आले.

गेल्या पावसाळ्यात पुतणी शिवनाथच्या काठावरून एक रोपटे घेऊन आली. भंडाऱ्याच्या सवयीने ती त्याला तरोटा म्हणाली. तिची काकू रत्नागिरीची. तिच्या मते तो टाकळा. आमची भांडीवाली बाई हसून म्हणाली, हा तर चरोटा. लिनियसने १७५३ साली त्याचे नाव कॅशिया तोरा ठेवले होते. पुतणीच्या पुस्तकात ते आता सेन्ना तोरा झाले आहे. तिने एक फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवली आणि वहीत पाचही नावे लिहिली. उरलेला पाला काकूने भाजीसाठी निवडायला घेतला.