पाळीव कीटकांचे जिवाणूरोग: रेशीमअळीपासून ठाण्याच्या फुलपाखरांपर्यंत

कीटकांना जिवाणूंमुळे होणाऱ्या रोगांचा अभ्यास पाळीव कीटकांपासून सुरू झाला. रानात मेलेल्या अळीची दखल कोण घेणार? रेशीमवाल्याच्या तट्ट्यावर अळ्या मरू लागल्या, की मात्र घरचे उत्पन्न बुडते. लुई पाश्चर यांनी 1865 पासून फ्रान्समध्ये रेशीमअळ्यांचे रोग तपासले. त्यांपैकी फ्लॅचरीत अळीच्या आतड्यात जिवाणू माजतात आणि ती मऊ, काळी पडून मरते. दाटी आणि ओला पाला यांनी हा रोग बळावतो. 1901 मध्ये जपानच्या इशिवाता यांनी मेलेल्या रेशीमअळ्यांतून एक जिवाणू वेगळा केला. पुढे त्यालाच बॅसिलस थुरिन्जिएन्सिस हे नाव मिळाले. विदर्भातल्या शेतकऱ्याला माहीत असलेले ‘बीटी’ ते हेच. त्याच्या काही प्रकारांची फवारणी बोंडअळीप्रमाणे फुलपाखरांच्या अळ्यांनाही मारते.

महाराष्ट्रातील महत्त्वाची घटना सातेरी मधमाशीची आहे. युरोपियन फाउलब्रूड या जिवाणूरोगाची भारतातील पहिली नोंद 1971 मध्ये राज्यातल्या सातेरीच्या वसाहतींतून झाली. दाई माश्या भरवतात त्या अन्नातून जिवाणू अळीच्या पोटात जातो, तिच्या वाट्याचे अन्न खातो आणि घर मेणाने बंद होण्याआधीच ती मरते. मोत्यासारखी पांढरी अळी पिवळी, मग तपकिरी होते आणि चौकटीला आंबूस वास येतो. एका पेटीतली चौकट दुसरीत घालणे ही मधपाळाची नेहमीची सोय. रोगही त्याच वाटेने पसरतो. झाडाच्या ढोलीतल्या सातेरीला असा शेजार क्वचितच मिळतो. 1991 नंतर दक्षिण भारतात सातेरीच्या असंख्य वसाहती संपल्या, पण तो थाई सॅकब्रूड विषाणू होता. प्रतिजैविकांचा त्यावर काहीच उपयोग नव्हता.

दुर्मीळ कीटक बंदिस्त जागेत वाढवून रानात सोडण्याच्या योजनांना दाटीत रोग पसरण्याचा हाच धोका अधिक तीव्रतेने असतो. थोड्याच नर-माद्यांपासून वाढवलेल्या पिढ्यांत आनुवंशिक विविधता कमी राहते, त्यामुळे एकाच संसर्गात सगळी तुकडी जाऊ शकते. आजारी कीटक बाहेर सोडले, तर उरलेसुरले रानातलेही बाधित होतात.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील ओवळेकर वाडीने वेगळी पद्धत निवडली. हे फुलपाखरू उद्यान उघड्यावर आहे. मकरंदासाठी फुलझाडे आणि अळ्यांसाठी खाद्यवनस्पती लावल्या, की फुलपाखरे आपणहून येतात. 2015 मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्ल्यू मॉर्मॉनला लिंबूवर्गातील झाडे लागतात, तर प्लेन टायगरला रुई. मादी अंडी विखरून घालते, त्यामुळे पेटीतली दाटी होत नाही. उघड्यावर पक्षी, गांधीलमाश्या बऱ्याच अळ्या खातात. तरीही संसर्गाच्या दृष्टीने हीच पद्धत सरस आहे.

कल्याण-डोंबिवलीच्या सदनिकांतही कुंडीतल्या कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मॉनच्या अळ्या सापडतात. त्या बरणीत वाढवायच्याच असतील, तर एका बरणीत एकच ठेवावी, विष्ठा रोज काढावी आणि पाला कोरडा घालावा. एखादी अळी काळी पडून मेली, तर त्या तुकडीतली फुलपाखरे ठाण्याच्या येऊरसारख्या रानात सोडू नयेत.