वॉशिंग्टन स्क्वेअरमधील रविवारचा मेळावा : हौशी गिटारवादक आणि नगरशासनाचा परवाना (१९४५–१९६१)

संगीताच्या इतिहासात हौशी वादकाला सहसा स्थान मिळत नाही. ध्वनिमुद्रिका, मैफलींची पत्रके, कलावंतांची चरित्रे ही जी साधने अभ्यासकापुढे असतात, ती बहुतेक व्यावसायिकांविषयीची असतात. सुटीच्या दिवशी चार मित्र जमवून गिटार वाजविणारा कारकून किंवा विद्यार्थी आपल्यामागे कागद ठेवून जात नाही. त्याचा कागद तयार होतो तो बहुधा त्याला कोणी अडविल्यावर. न्यूयॉर्क शहरातील वॉशिंग्टन स्क्वेअर या उद्यानात दर रविवारी जमणाऱ्या हौशी गायक-वादकांची हकीकत या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पंधरा-सोळा वर्षे हा मेळावा अखंड भरत होता. परंतु त्याची सविस्तर माहिती उपलब्ध होते ती मुख्यतः १९६१ मध्ये त्याला परवाना नाकारला गेला म्हणून.

ग्रिनिच व्हिलेज भागातील हे उद्यान सुमारे पावणेदहा एकरांचे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे गोरगरिबांची दफनभूमी होती. १८२६ नंतर तेथे लष्करी कवायतीचे मैदान झाले व पुढे त्याचेच उद्यान बनले. उत्तरेस स्टॅनफर्ड व्हाइट यांनी रचलेली संगमरवरी कमान, मध्यभागी मोठे वर्तुळाकार कारंजे व त्याभोवती दगडी कठडा अशी त्याची मांडणी आहे. कारंजे कोरडे असले म्हणजे त्याचे वर्तुळ बैठकीला आयतेच उपयोगी पडे. दक्षिणेस जडसन मेमोरियल चर्च आहे. पुढील वृत्तांतात त्याचा उल्लेख येईल.

दुसरे महायुद्ध संपण्याच्या सुमारास जॉर्ज मार्गोलिन नावाचा एक मुद्रक रविवारी दुपारी गिटार घेऊन या उद्यानात येऊन बसू लागला व कामगार संघटनांची गाणी आणि लोकगीते गाऊ लागला, तेथून या प्रथेचा आरंभ मानण्यात येतो. ऐकणाऱ्यांपैकी काहींनी आपली वाद्ये आणली व पाहता पाहता वर्तुळ वाढले. दशक संपण्यापूर्वीच उद्यान विभागाने गर्दीची दखल घेऊन परवान्याची पद्धत सुरू केली. त्या परवान्यात रविवारी दुपारचे ठरावीक तास नेमून दिलेले असत आणि वाद्ये तंतुवाद्येच असावीत अशी अट असे. बोंगो व तत्सम चर्मवाद्ये यांना मनाई होती. ही अट गिटारवाल्यांना मुळीच जाचक वाटली नाही. ध्वनिवर्धकाविना वाजणाऱ्या गिटारचा आवाज मोकळ्या हवेत पाच-सात हातांपलीकडे नीट पोचत नाही. शेजारी कोणी बोंगो बडवू लागला की तो पार बुडून जातो. शासनाचा नियम आणि वादकांची सोय यांचा येथे अनायासे मेळ बसला होता. त्याची झळ बोंगोवाल्यांना लागली, पण त्यांची बाजू मांडण्यास त्या वेळी कोणी पुढे आले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

या मेळाव्याला अध्यक्ष नव्हता, सभासदत्व नव्हते, वर्गणी नव्हती. तथापि त्यावरून तो असंघटित होता असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्याची व्यवस्था कार्यालयीन नव्हती, सांगीतिक होती. लोकगीतांची साथ बहुधा तीन कॉर्डांत आटोपते. गाणाऱ्याने पट्टी सांगितली की इतरांनी गिटारच्या मानेवर कापोची चिमटी त्या घरात बसवावयाची आणि आपल्या ओळखीच्याच बोटांनी साथ धरावयाची. त्यामुळे महिन्यापूर्वी वाद्य हाती घेतलेला मुलगाही कडेला उभा राहून साथ करू शके, आणि बोटे तयार असलेला वादक मधल्या जागा भरीत राही. आपल्याकडील भजनी मंडळात टाळ धरणाऱ्या प्रत्येकाला पखवाज येत नसतो, पण टाळ धरण्यास कोणी हरकत घेत नाही. तसाच काहीसा हा प्रकार होता. जॅझवादकांच्या जॅम सेशनमध्ये नवख्याची परीक्षा होई. उद्यानातील वर्तुळात ती सहसा होत नसे. नवख्याला न येणारे गाणे सुरू झाले तर तो पलीकडच्या वर्तुळाकडे वळे.

ही वर्तुळे रुचीनुसार वेगवेगळी होती. एकात कामगार चळवळीची गाणी, दुसऱ्यात हिब्रू गाणी व समूहनृत्य, तिसऱ्यात जुनी कथागीते आणि ब्लूज. रॉजर स्प्रंग यांचा बँजो ज्या वर्तुळात वाजे, तेथे ब्लूग्रास चाले व त्याच्या साथीला लायनेल किलबर्ग यांचे घरी बनविलेले खर्जाचे तंतुवाद्य असे. दक्षिणेकडील डोंगराळ प्रदेशातील ही वादनशैली महानगरातील तरुणांनी प्रथम ध्वनिमुद्रिकांवरून उचलली. हॅरी स्मिथ यांनी संपादित केलेला, जुन्या ८४ मुद्रणांचा संग्रह १९५२ मध्ये फोकवेज कंपनीने प्रसिद्ध केला, तो या मंडळींचा जणू पाठ्यग्रंथच ठरला. परंतु तबकडीवरून बोटांची ठेवण दिसत नाही. ती पाहावयास मिळे रविवारी, शेजाऱ्याच्या हाताकडे पाहून. डेव्ह व्हॅन रॉंक यांच्यासारखे पुढे नावारूपास आलेले गिटारवादक याच वर्तुळांतून तयार झाले, याचे कारण तेथील वादनाचा दर्जा नसून ही शेजारी बसण्याची सोय होय.

परवाना काढण्याचे कंटाळवाणे काम मात्र कोणी तरी करावे लागे. १९५० नंतरच्या दशकात ते बराच काळ किलबर्ग यांनी केले. कार्यालयाच्या दृष्टीने अर्जावरील नाव म्हणजेच मेळावा; प्रत्यक्षात अर्जदाराला त्या वर्तुळांवर कसलाही अधिकार नव्हता. ही विसंगती जोवर कोणी तपासली नाही, तोवर सर्व सुरळीत चालले.

दरम्यान परिस्थिती पालटत होती. उद्यानातून रस्ता काढण्याची रॉबर्ट मोझेस यांची योजना रहिवाशांनी, विशेषतः शर्ली हेझ, जेन जेकब्ज आदी स्त्रियांनी, हाणून पाडली व १९५८ मध्ये उद्यान वाहनांना बंद झाले. त्याच वर्षी किंग्स्टन ट्रिओच्या ‘टॉम डूली’ या ध्वनिमुद्रिकेने लोकगीतांना बाजारपेठ मिळवून दिली आणि गिटार घेऊन येणाऱ्यांची व त्यांना पाहण्यास येणाऱ्यांची संख्या वाढली. या परिसरातील काही रहिवाशांना ही गर्दी नकोशी झाली. लोकगीतांवर डावेपणाचा जो शिक्का बसला होता, तोही पुसला गेला नव्हता : संसदीय समितीपुढे उत्तरे देण्याचे नाकारल्यावरून पीट सीगर यांना ४ एप्रिल १९६१ रोजी एक वर्षाची शिक्षा झाली (ती १९६२ मध्ये अपिलात रद्द झाली). या घटनेचा उद्यानाशी प्रत्यक्ष संबंध जोडण्याचे कारण नाही. वातावरणाची कल्पना यावी इतकेच.

मोझेस यांच्यानंतर उद्यान आयुक्त झालेले न्यूबोल्ड मॉरिस यांनी १९६१ च्या वसंतात परवाना नाकारला. भटके गायक आणि त्यांच्यामागे येणारा जमाव यांमुळे उद्यानाच्या मूळ हेतूस बाध येतो, अशी त्यांची भूमिका होती. ती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही. हिरवळ तुडविली जाते, विश्रांतीस आलेल्या वृद्धांना बाके मिळत नाहीत, या तक्रारी खऱ्या असू शकतात. परंतु गोरे व काळे तरुण एकत्र वावरतात हेच काहींच्या रोषाचे खरे कारण आहे, असा आरोपही तेव्हा झाला. या वेळचे अर्जदार इझी यंग होते. १९५७ पासून ११० मॅकडूगल स्ट्रीट येथे ‘फोकलोर सेंटर’ हे त्यांचे दुकान होते. पुस्तके, तबकड्या, तारा विकणे व गप्पांना जागा देणे हा त्यांचा व्यवसाय. ज्या मेळाव्याला पदाधिकारीच नव्हते, त्याचे प्रतिनिधित्व अशा रीतीने एका दुकानदाराकडे आले.

रविवार ९ एप्रिल १९६१ रोजी काही शेकडा मंडळी वाद्यांसह कारंज्याकडे निघाली. गाण्यास परवाना लागतोच कशाला, असा यंग यांचा पोलिसांशी वाद झाला. मग वर्तुळात बसून गाणे सुरू झाले. राष्ट्रगीत चालू असता पोलीस हात उगारणार नाहीत, या हिशेबाने तेही म्हणून झाले. पुढे झटापट होऊन दहा जणांना अटक झाली. ‘न्यूयॉर्क मिरर’ या दैनिकाने मथळ्यात तीन हजार बीटनिकांनी दंगल केल्याचे छापले. सुदैवाने डॅन ड्रासिन या तरुणाने त्या दिवशी चित्रण केले होते व त्यातून ‘संडे’ हा सतरा मिनिटांचा लघुपट तयार झाला. त्यात दिसणारी मुले बहुतांशी कोट घातलेली, केस विंचरलेली, हाती गिटार किंवा बँजो धरलेली आहेत. केवळ मथळ्यावर विसंबून ज्यांनी या दिवसाचे वर्णन केले, त्यांनी हे चित्रण एकदा पाहावयास हवे होते.

जडसन चर्चचे धर्मोपदेशक हॉवर्ड मूडी यांनी गायकांचा पक्ष घेतला, गाण्याच्या हक्कासाठी समिती स्थापन झाली, प्रकरण न्यायालयातही गेले. मेच्या मध्यास महापौर रॉबर्ट वॅग्नर यांनी हस्तक्षेप करून नियंत्रित स्वरूपात गायनास पुन्हा अनुमती दिली आणि रविवारची वर्तुळे कारंज्याभोवती परतली. मात्र पूर्वी जो परवाना कोणी महिन्याच्या महिन्याला निमूटपणे काढून आणीत असे, तो आता हक्क म्हणून मिळविलेला होता, आणि त्याच्या मागे समिती, वकील व वृत्तपत्रीय कात्रणे जमा झाली होती. यंग यांनी आपले दुकान आणखी बारा वर्षे चालविले. १९७३ मध्ये ते स्टॉकहोमला गेले आणि तेथे त्याच नावाचे दुसरे केंद्र काढून २०१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच शहरात राहिले.