नामांतराचा लढा आणि पेपरातली कात्रणे



२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्यात शहीद झाले. पुढे १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला.

हा इतिहास लिहायचा तर जुने पेपर चाळावे लागतात. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. त्याआधीच्या आपल्याकडच्या बातम्या परभणी जिल्ह्यात शोधाव्या लागतात.

बातमी हा पुरावा आहे, पण अर्धा. तारीख, गाव, मोर्चा तीत सापडतो. मात्र वार्ताहर राहणार तालुक्याला. सडकेवरचे गाव छापून येते, आडरानातली वस्ती जळाली तरी एक ओळ येत नाही. शिवाय पेपरलाही बाजू असते. दैनिक 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव यांचा नामांतराला विरोध होता. 'दंगल' म्हटले की दोघे भांडले असे वाटते; इथे तर एकाच बाजूची घरे जळत होती!

बाबासाहेबांनी हे केव्हाच ओळखले होते. चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ ला घेतले आणि चौदाव्या दिवशी, ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' काढला. आपली हकिकत आपणच सांगायची, हा त्याचा अर्थ.

तरुणांनो, एका घटनेला दोन पेपर पाहा आणि ते दिवस भोगलेले एक म्हातारे माणूस गाठा. कात्रणावर पेपरचे नाव, तारीख लिहा. छापून आले नाही म्हणजे घडले नाही, असे समजू नका. कागद पिवळे पडतायत, माणसेही चाललीत. उशीर नको.