हॅनबरी स्ट्रीटवरचं बंगाली नाटक

पूर्व लंडनमधल्या हॅनबरी स्ट्रीटवर ब्रॅडी आर्ट्स सेंटर आहे. तिथे २००३पासून शरद ऋतूत बंगाली नाटकांचा एक महोत्सव भरत आला आहे : ‘अ सीझन ऑफ बांगला ड्रामा’. टॉवर हॅम्लेट्स या स्थानिक पालिकेचा हा उपक्रम. एका संध्याकाळी मंचावर दिवसभराची नोकरी उरकून आलेली हौशी मंडळी असतात, तर दुसऱ्या संध्याकाळी नाटक हाच ज्यांचा पेशा आहे असे कलाकार.

आपल्याला ही सरमिसळ जरा चमत्कारिक वाटते. आपल्याकडे हौशी म्हणजे राज्य नाट्य स्पर्धा आणि व्यावसायिक म्हणजे शिवाजी मंदिर किंवा बालगंधर्वचे रविवारचे प्रयोग. दोघांचे प्रेक्षक वेगळे, हिशोबही वेगळे. परदेशात माणसं कमी, म्हणून सगळे एकाच छपराखाली येतात, असं म्हणून विषय संपवता येईल. पण बंगाली रंगभूमीचा इतिहास पाहिला तर ही सरमिसळ लंडनपेक्षा बरीच जुनी आहे.

कोलकात्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंगाली नाटक व्हायचं ते बहुतेक श्रीमंतांच्या वाड्यांत, आणि आमंत्रण असेल तरच बघायला मिळायचं. १८६०च्या दशकाच्या अखेरीस बागबाजारातल्या मध्यमवर्गीय तरुणांनी स्वतःची मंडळी काढली. तिच्या नावातच ‘अमॅच्युअर’ होतं. याच मंडळीने पुढे ‘नॅशनल थिएटर’ हे नाव घेतलं आणि ७ डिसेंबर १८७२ रोजी जोडासांकोमधल्या एका वाड्यात दीनबंधू मित्रांचं ‘नीलदर्पण’ केलं. प्रवेश तिकीट लावून. आता पैसे देईल तो आत. निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांचा जुलूम दाखवणारं हे नाटक होतं. तिकीट काढून कुणीही असं नाटक बघू शकतो, यातला धोका सरकारच्याही लक्षात आला आणि १८७६ साली नाट्यप्रयोगांवर अंकुश ठेवणारा कायदा झाला.

गंमत म्हणजे मंडळीतले मोठे नट गिरीशचंद्र घोष त्या पहिल्या तिकीटविक्रीच्या आधीच बाहेर पडले होते. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर ‘नॅशनल’ असं भारदस्त नाव लावून लोकांकडून पैसे घ्यायचे, हे त्यांना पटलं नव्हतं. पुढे कचेरीतली नोकरी सोडून हेच गिरीशबाबू बंगाली व्यावसायिक रंगभूमीचे सर्वांत मोठे नाव झाले. म्हणजे हौशी आणि व्यावसायिक या दोन वाटा एकाच गल्लीतल्या एकाच कंपूतून फुटल्या, त्याही भांडून.

विसाव्या शतकात ‘ग्रुप थिएटर’ने ही रेघ आणखी पुसट केली. शंभू मित्रांची ‘बहुरूपी’ ही संस्था १९४८ची. दिवसा ऑफिस आणि संध्याकाळी तालीम, पण कामाचा दर्जा कुठल्याही कंपनीने हेवा करावा असा. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बंगालीत आणलं ते याच संस्थेने. आणि ज्यांची ‘एवम् इंद्रजित’, ‘पगला घोडा’ ही नाटकं मराठी रंगभूमीने आपलीशी केली, ते बादल सरकार पेशाने सिव्हिल इंजिनिअर होते. नगररचनेच्या कामानिमित्त ते इंग्लंड आणि नायजेरियातही राहिले. नोकरी एकीकडे आणि नाटक दुसरीकडे, हा आमच्या आयटी पिढीने लावलेला शोध नव्हे.

प्रवासी बंगाली माणसाने सोबत नेली ती ही सवय. पण हॅनबरी स्ट्रीटवरचे बंगाली कोलकात्याच्या भद्रलोकांतून आलेले नाहीत. ते मुख्यतः आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेट भागातले. सुरुवातीला आले ते बोटींवर कोळसा ओढणारे खलाशी, मग शिलाई कारखान्यांतले कामगार आणि रेस्टॉरंटवाले. बायकामुलं मोठ्या संख्येने आली ती १९७० आणि ८०च्या दशकांत, म्हणजे नेमकी वंशद्वेषी हल्ले वाढले असतानाच. ४ मे १९७८च्या संध्याकाळी कामावरून घरी निघालेल्या अल्ताब अली या तरुण शिलाई कामगाराचा व्हाइटचॅपलमध्ये खून झाला. दहा दिवसांनी सुमारे सात हजार लोक त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या निवासापर्यंत चालत गेले. ज्या बागेजवळ तो मारला गेला, तिला १९९८ साली त्याचं नाव मिळालं. ज्या वस्तीला ‘आम्ही इथेच राहणार’ हे रस्त्यावर उतरून सांगावं लागलं, तिने पालिकेच्या सभागृहात आपल्या भाषेत नाटक करणं म्हणजे नुसता वेळ घालवणं नव्हे.

या गल्ल्यांना मात्र हे सगळं नवं नाही. ब्रिक लेनवर १७४३ साली फ्रान्समधून पळून आलेल्या प्रॉटेस्टंटांसाठी एक चर्च बांधलं गेलं. तीच वास्तू १८९८ साली ज्यूंचं सिनेगॉग झाली आणि १९७६ साली बंगाल्यांची मशीद. ब्रॅडी सेंटरची इमारतही मुळात ज्यू मुलींच्या क्लबची. रशियातल्या छळातून पळून आलेल्या या ज्यूंनी इथे यिडिश भाषेची रंगभूमी उभारली होती. १८८७च्या जानेवारीत जवळच्याच प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या त्यांच्या नाट्यगृहात कुणीतरी ‘आग’ असं ओरडलं. आग नव्हतीच, पण चेंगराचेंगरीत १७ जण मेले. नामांकित नट जेकब ॲडलर त्यानंतर अमेरिकेला निघून गेले. तरी नाटक थांबलं नाही. दुसऱ्या महायुद्धात कमर्शियल रोडवरच्या ‘ग्रँड पॅले’मध्ये ‘द किंग ऑफ लॅम्पेडूसा’ या यिडिश नाटकाचे दोनशेहून अधिक प्रयोग झाले. १९४३ साली सिडनी कोहेन नावाचा लंडनचा ज्यू वैमानिक इंधन संपत आल्याने लॅम्पेडूसा बेटावर उतरला आणि तिथली इटालियन फौज त्यालाच शरण आली, त्या खऱ्या घटनेवर बेतलेलं हे नाटक. आपल्यातलाच एक शिंप्याचं काम करणारा पोरगा राजा होतो म्हटल्यावर लोक लोटणारच!

त्यानंतर तीस वर्षांच्या आत ‘ग्रँड पॅले’मधलं यिडिश नाटक बंद पडलं. नट होते, संहिता होत्या. पण ज्यू कुटुंबं सुस्थितीत येऊन उत्तर लंडनच्या उपनगरांत गेली, आणि नातवंडांना यिडिश कळेनाशी झाली.

आज त्याच जागी बंगाली कुटुंबांची तिसरी पिढी वाढते आहे. इथे भाषेचा गुंता दुहेरी आहे. आजी बोलते ती सिल्हेटी. ढाका-कोलकात्याच्या रंगमंचावरची प्रमाण बांगला तिलाही थोडी परकीच. आणि नातवाची भाषा इंग्रजी. पाहुणे व्यावसायिक कलाकार येतात तेव्हा अभिनयाची आणि भाषेची उंची दिसते, ती दिसायलाच हवी. पण शिलाई कारखान्यातला बाप किंवा घरात दोन भाषांत चालणारं भांडण मंचावर आणायला स्थानिक माणूसच लागतो, मग त्याची संवादफेक थोडी डळमळीत का असेना. या महोत्सवात बंगालीबरोबर इंग्रजीही ऐकू येते. शुद्धतावाद्यांना ती खटकेल, पण नातू खुर्चीत बसून राहतो तो तिच्यामुळे.

अमेरिकेतल्या मराठी अधिवेशनांतही मुंबईचं व्यावसायिक नाटक आणि तिथल्या मंडळाची एकांकिका शेजारीशेजारी असतात. मुंबईच्या नाटकाला गर्दी होते, एकांकिकेला बहुधा करणाऱ्यांचे नातेवाईक येतात. ‘ग्रँड पॅले’चा इतिहास माहीत असेल तर त्या नातेवाइकांच्या रांगेकडे जरा नीट बघावं. पुढच्या वीस वर्षांत मराठी नाटकाला तिथे प्रेक्षक असणार का, याचं उत्तर त्या रांगेत बसलेल्या पोरांपाशी आहे.