रात्रीचें चित्र आणि फिल्मची निवड

रात्रीच्या भूदृश्याचें छायाचित्र घेऊं इच्छिणारा नवशिका दुकानांत जाऊन बहुधा सर्वांत जलद फिल्म मागतो. अंधारांत प्रकाश थोडा, म्हणून फिल्म अधिक संवेदनशील हवी, हा त्याचा तर्क वरवर बिनतोड दिसतो. आमच्या मतें तो अर्धाच खरा आहे. आणि खरें कोठें संपतें हें समजण्यास वर्धा जिल्ह्याचा इतिहास उपयोगी पडतो.

१९३६ सालीं गांधीजी वर्ध्याजवळील सेगांवास राहावयास आले. त्याच गांवास १९४० मध्यें सेवाग्राम हें नांव मिळालें. तेथें त्यांचे नात्यानें नातू लागणारे कनु गांधी यांस छायाचित्रें घेण्याची अनुज्ञा तीन अटींवर मिळाली. कृत्रिम प्रकाशाचा झोत टाकावयाचा नाहीं, गांधीजींस चित्रासाठीं मुद्दाम बसवावयाचें नाहीं, आणि खर्चाचा भार आश्रमावर घालावयाचा नाहीं. घनश्यामदास बिर्ला यांनीं दिलेल्या शंभर रुपयांतून रोलिफ्लेक्स कॅमेरा व फिल्म आली. अशा कॅमेऱ्यांत एका गुंडाळीवर बाराच चित्रें निघतात. कुटींतील मंद उजेड, हालता-बोलता मनुष्य आणि मोजकी फिल्म! अशा ठिकाणीं पडदा क्षणभरच उघडणें भाग असतें. तेव्हां जलद फिल्मचा आग्रह सर्वस्वी रास्त होय.

परंतु कॅमेरा तिपाईवर चढवून रात्रीं पवनारच्या धाम नदीकडे वळविला, म्हणजे प्रश्न पालटतो. झोत न टाकण्याची अट येथें निसर्गानेंच घातलेली आहे. मात्र नदीकांठचा खडक कोठें जात नाहीं, त्यास हवा तितका वेळ देतां येतो. आडवें येतें तें रसायनशास्त्र. प्रकाश निम्मा झाल्यास काळ दुप्पट करावा, हा बुन्सेन व रोस्को यांचा १८६२ चा नियम. क्षीण प्रकाशांत तो लागू पडत नाहीं, असें ज्योतिर्विद कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनीं १९०० सालीं दाखवून त्याची दुरुस्ती मांडली. फिल्मवरील रजतलवणाच्या कणांत प्रतिमेचें बीज रुजण्यास प्रकाशाचे अनेक आघात पाठोपाठ लागतात. ते विरळ पडले, तर पहिल्याचा परिणाम दुसरा येण्यापूर्वींच विरून जातो.

हा दोष सर्व फिल्मांत सारखा नसतो. कोडॅकची ट्राय-एक्स ४०० जलद खरी. पण मापकानें १० सेकंद सांगितले, तर तिला प्रत्यक्षांत ५० द्यावे लागतात, आणि १०० सांगितले तर १२००! फुजीची ॲक्रॉस १०० वेगानें तिच्या चौथाई. परंतु १२० सेकंदांपर्यंत तिला दुरुस्तीच लागत नाहीं. म्हणजे जें दृश्य ट्राय-एक्सला ५० सेकंद मागतें, तेंच ॲक्रॉसवर ४० सेकंदांत उमटतें. मंद ठरविलेली फिल्म पुढें जाते, शिवाय तिचे कणही बारीक असतात.

जेथें माणूस हालतो तेथें जलद फिल्म घ्यावी. जेथें केवळ धरित्री समोर आहे, तेथें वेष्टनावरील आंकड्याआधीं दीर्घकाळाचें कोष्टक वाचावें. बारा चित्रांच्या गुंडाळींत चुकलेल्या प्रत्येक चित्राबरोबर रात्रीचा एक प्रहरही वायां जातो, हें विसरूं नये.