चोचीला काम

महिन्यापूर्वी एका रात्री गावाहून वहिनींचा फोन आला. गाव म्हणजे भंडारा जिल्ह्यातलं, लाखनी-साकोलीच्या पट्ट्यातलं. एरवी फोनवर पाऊस, धान आणि कोणाकडे लग्न निघालं एवढंच होतं. यावेळी गाडी थेट कोंबड्यांवर आली.

"भाऊजी, माह्या कोंबड्या एकमेकीचे पख उपटून रायल्या. एकीची तं पुरी पाठ उघडी पडली. इथं एक जण म्हणते, चोची कापून टाका. कापू का?"

त्यांनी सुधारित जातीची तीस पिल्लं आणल्याचं मला ठाऊक होतं. बचतीचे पैसे घातले होते, अंडी विकून मुलीची फी भरायचा विचार होता. मी काही पशुवैद्य नव्हे. पण घरातला 'वाचणारा' मीच, त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडे येतात. "दोन दिवस थांबा, वाचून सांगतो," म्हटलं आणि बसलो वाचायला.

झाडीपट्टीत वाढलेल्या माणसाला कोंबडं भांडतं याचं नवल वाटत नाही. कोंबडबाजार आम्ही लहानपणापासून पाहिलेला. पायाला काती बांधलेले दोन कोंबडे, भोवती माणसांचं रिंगण आणि पैजा. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्यानं झुंजी लावणं हा गुन्हा ठरला, तरी छाप्यांच्या बातम्या काही थांबल्या नाहीत. त्यामुळे ही जातच मारकुटी, असा आमचा पक्का समज. गंमत म्हणजे जगभरच्या शहाण्यांचाही बराच काळ साधारण असाच समज होता.

1903 साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या अँड्र्यू जॅक्सन नावाच्या गृहस्थानं चक्क कोंबडीच्या चष्म्याचं पेटंट घेतलं. दुसरीनं डोळ्यावर टोच मारली तर डोळा वाचावा म्हणून. पुढे त्यात लाल काचा आल्या. सगळंच लाल दिसलं की रक्त वेगळं दिसणार नाही आणि रक्त पाहून टोचायला धावणार नाही, असा हिशेब. (आपल्याकडे कुणी कोंबडीला चष्मा लावला असता तर गाव महिनाभर हसलं असतं!)

मग चोचीवर गदा आली. 1930 च्या दशकात ओहायोच्या शेती संशोधन केंद्रात चोचीचं टोक कापण्याचा उपाय पुढे आला. सुरुवातीला थोडंसंच टोक कापत, ते परत वाढे. 1940 च्या दशकात तापलेल्या पात्याचं यंत्र आलं. ते चोच कापतं आणि जखम डागतं, त्यामुळे चोच पूर्ववत वाढत नाही. पिंजऱ्यातल्या अंड्यांच्या व्यवसायाबरोबर हे यंत्र जगभर पसरलं, आपल्याकडेही आलं. मोठ्या फार्मवर आज ते रुळलेलं काम आहे.

चोच म्हणजे नखासारखी निर्जीव वस्तू, असं कापणाऱ्याला वाटतं. मलाही वाटायचं. पण 1985 साली एडिंबरोच्या ब्रीवर्ड आणि जेंटल या संशोधकांनी कापलेल्या चोचीच्या थोटकातले मज्जातंतू तपासले. तुटलेल्या टोकांना गाठी झाल्या होत्या आणि त्यातून विचित्र संदेश जात होते. हात-पाय तुटलेल्या माणसाच्या थोटकात होतात, तशाच या गाठी. हे वाचलं आणि वहिनींना काय सांगायचं यातला अर्धा भाग तिथेच ठरला.

उरलेला अर्धा होता, मग करायचं काय?

इथे एक घोटाळा सोडवावा लागतो. नॉर्वेच्या थोरलीफ श्येल्डरूप-एब्बे यांनी 1922 साली जर्मन भाषेत एक निबंध छापला. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते, हा त्याचा विषय. वरची खालच्या सगळ्यांना टोचते, तळाची सगळ्यांचं निमूट सोसते. आपण हापिसाच्या गोष्टी करताना 'पेकिंग ऑर्डर' म्हणतो, तो शब्द इथून आला. पण ही टोच बहुधा डोक्यावर बसते आणि क्षणात मिटते. पिसं उपटणं हा निराळाच प्रकार. तिथे भांडण नसतं. एक कोंबडी शांतपणे दुसरीच्या मागे जाते, पाठीवरचं किंवा शेपटीजवळचं पीस ओढते, कधी खाऊनही टाकते. कातडी फाटून रक्त दिसलं की मात्र बाकीच्या तुटून पडतात.

हॉलंडच्या ब्लोखाउस यांनी 1986 मध्ये असं मांडलं की हा राग नाहीच, ही जमीन टोचायची सवय आहे. कोंबडीचा दिवस उकरण्यात आणि टोचण्यात जातो. खाली उकरायला काही नसलं की तीच चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. त्याला इतर कारणं येऊन मिळतात. दाटी, उकाडा, भगभगीत उजेड, अंगावरचे पिसवे, खाण्यात प्रथिनं किंवा मीठ कमी. जातीचाही भाग असतोच. अमेरिकेत विल्यम म्यूर यांनी एकटी जास्त अंडी देणारी कोंबडी न निवडता, ज्या पिंजऱ्यातल्या कोंबड्या मिळून नीट जगल्या आणि अंडी दिली तो अख्खा गटच पुढच्या पिढीसाठी निवडला. 1996 च्या त्यांच्या निबंधात वर्षभरातली मर दुसऱ्या पिढीतल्या 68 टक्क्यांवरून चौथ्या पिढीत 8.8 टक्क्यांवर आल्याचे आकडे आहेत. चोची न कापता!

हे वाचताना मला 2006 चा फेब्रुवारी आठवला. नवापूरला बर्ड फ्लू निघाला होता. नवापूर राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पण भीती टीव्हीतून घराघरात शिरलेली. मी सुट्टीवर गावी होतो आणि शहाणा होतो. आजीच्या बारा-चौदा गावरान कोंबड्या मीच हट्टानं कोठ्यात कोंडल्या. खाली स्वच्छ फरशी, एका ताटात कनकी, एका भांड्यात पाणी. आठव्या दिवशी तांबड्या कोंबडीच्या शेपटीजवळ रक्त दिसलं. तिला वेगळं ठेवायचं ठरवलं आणि गप्पांच्या नादात विसरलो. सकाळी ती मेलेली होती. कशी, ते लिहीत नाही.

आजी रागावली नाही. तिनं कोठ्यात दोन पेंढ्या तणस पसरलं, त्यावर मूठभर धान भिरकावलं आणि म्हणाली, "चोच रिकामी रायली तं कोनाले तरी टोचनच."

कोंबड्या दिवसभर तणस उलटंपालटं करत राहिल्या. आजी कनकी कधीच भांड्यात द्यायची नाही, अंगणात उधळायची. तो मला गबाळेपणा वाटायचा.

वहिनींना फोन केला. खुराडा किती मोठा? आठ फूट बाय पाच. म्हणजे तीस कोंबड्यांना चाळीस चौरस फूट, तेही दिवसरात्र, कारण मुंगूस आणि कुत्र्यांची भीती. वर रात्रभर मोठा बल्ब. खाणं जवळजवळ नुसती कनकी. सुधारित कोंबडी अंडी जास्त देते, तिला तेवढ्यावर भागत नाही.

मग असं ठरलं. उघड्या पाठीची कोंबडी आजच वेगळी. बल्ब बंद. खाली चार बोटं तूस आणि तणस, दाणे त्यातच टाकायचे. पालेभाजीची जुडी दोरीनं टांगायची. खाण्यात सोयापेंड, सुकी मासोळी आणि खनिज मिश्रण. बसायला दांड्या. आणि दुपारनंतर समोर कोणी असताना अंगणात मोकळं सोडायचं.

"मंग चोची नाही कापाच्या?"

"नका कापू."

काल पुन्हा फोन झाला. उपटणं बरंच कमी झालंय, थांबलेलं नाही. एक कोंबडी अजून सवय सोडत नाही, तिला बाजूला ठेवलंय. जखमीच्या पाठीवर मात्र नव्या पिसांचे कोंब दिसू लागलेत. नॉर्वेत 1974 पासून चोच कापायला बंदी आहे, हेही मी त्यांना सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "तिथं तणस भेटते का?"

असो. तांबड्या कोंबडीची गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही.